खंडेनवमीचा पाना

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवळात गेलो तरी हात जोडायचो आणि भलतंच काहीतरी पुटपुटून बाहेर पडायचो. आता तुला सांगतो. तुलाच का? तू माझ्या गावचा नाहीस, भैरूला ओळखत नव्हतास, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही.

आणि एक सांगून ठेवतो गड्या. मधेच मी इंजिनाचं बोलत बसेन. इंजिनाचं बोलायला मला आवडतं, चार माणसं ऐकतातही. पण आज मी तसं भलतीकडं निघालो की समज, नको त्या जागेच्या जवळ आलोय आणि घाबरलोय. अडवू नकोस. येतो मी परत.

आमचं गाव कृष्णेच्या काठाला, कऱ्हाडच्या खाली आणि सांगलीच्या वर. नदीवर पूल नव्हता. पलीकडं जायचं तर भैरूच्या नावेतनं. त्याचा आजा, बाप, सगळे त्याच घाटावर नाव हाकत आलेले. सुगीला गाव त्यांना धान्य घालायचं आणि वर्षभर ते गावाला पार करायचे. पाणी फार झालं की गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची ती मोठी कढई, पाण्यात लोटायची आणि तिच्यात बसून जायचं. बाहेरच्यांना हसू येतं. आम्ही काहिलीतनं लग्नाची वऱ्हाडं नेलीत.

भैरू आणि मी एका वयाचे. पोहायला मला त्यानं शिकवलं — शिकवलं म्हणजे काय, मागनं ढकलून दिलं आणि मी वर आलो तेव्हा काठावर दात काढत बसला होता. असला मित्र. पोटात एक आणि ओठावर एक हे त्याला जमायचंच नाही. मला तेव्हा वाटायचं, हा जरा भोळसटच आहे.

माझं तसं नव्हतं. लढाईत मी तिकडं इराकात, बसऱ्याला होतो, फौजेच्या लाँचवर. सेहेचाळीस साली सुटून आलो तो खाकी कोट घालून, बूट करकर वाजवत. चावडीवर कुणीतरी विचारलं, "तिकडं काय करत हुतास रं, दौलत?" मी म्हणालो, "इंजिनाचा मेस्त्री हुतो." — बघ, पहिली गाठ इथंच बसली. मी मेस्त्री नव्हतो. मी तेल घालणारा होतो. मेस्त्री एक पंजाबी सरदार होता आणि मी त्याच्या हाताखाली चिंध्या पिळायचो, कंदील धरायचो. बघून बघून पुष्कळ शिकलो होतो, ते खोटं नाही. पण बघणं निराळं, आणि आपल्या जबाबदारीवर झाकण लावून "चला, बसा" म्हणणं निराळं. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण लोक मेस्त्री मेस्त्री म्हणायला लागले, आणि ते गोड लागायला लागलं.

गावचे दादा पाटील मोठे मानी गृहस्थ. आदल्या पावसाळ्यात त्यांची सून बाळंतपणात अडली. नदी अशी फुगलेली की काहीलसुद्धा तगेना, कऱ्हाडच्या दवाखान्यात नेता येईना. ती घाटावरच गेली. तेव्हापासून दादांनी मनात घेतलं, इंजिनाची नाव आणायची, पुराला दाद न देणारी. चिपळूणच्या खाडीवर कुणाचीतरी लहान लाँच चिखलात पडून होती. ती बघायला मला घेऊन गेले. "चालंल का रं हे?" मी कोट सावरला, इंजिनावर एक थाप मारली आणि म्हणालो, "न चालायला काय झालं?" कुंभार्ली घाटानं लॉरीवर चढवून ती कऱ्हाडला आणली, पाण्यात सोडली आणि भैरूनं नुसत्या बांबूच्या जोरावर धारेला लावून आमच्या घाटाला आणून बांधली. श्रावण चालू होता, स्वराज्याचे झेंडे अजून चावडीवर होते.

आता इंजिन. दोन सिलिंडरचं जुनं डिझेल, गंजून एकजीव झालेलं. बाहेर काढायची सोय नाही; लाँच बांधतानाच आधी इंजिन बसवून वरनं फळ्या ठोकलेल्या. काढायचं तर नाव फाडायला पाहिजे. म्हणून सगळं आतच करायचं. नावेच्या पोटात, गुडघ्यावर बसून, काळ्या तेलकट पाण्यात. डोकं वर केलं की फळीवर आपटायचं.

पहिल्यांदा चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बिडाच्या पेटीचं झाकण काढलं आणि आत हात घातला, तेव्हा बोटांना काहीतरी लागलं. कंदील जवळ घेतला. बिडाच्या भिंतीला आतनं ठिगळ होतं. पत्र्याचं, बोल्टांनी आवळलेलं. मी बराच वेळ बघत बसलो. त्याचा अर्थ एकच होता. या इंजिनाचा रॉड आधीही एकदा सुटला होता आणि भिंत फोडून बाहेर आला होता. चालत्या इंजिनात पिस्टनचा रॉड सुटला की तो फिरत्या दांड्याबरोबर गरगरतो आणि वाटेत येईल ते फोडत जातो. बसऱ्याला मी एकदा पाहिलं होतं. म्हणून 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य माझ्या तोंडी कधी येणार नाही. मला त्या इंजिनानं पहिल्याच दिवशी दाखवून ठेवलं होतं.

"काय बघतोयास एवढं?" भैरूनं विचारलं होतं. मी म्हणालो, "काय न्हाई. जुनं काम हाय."

श्रावण गेला, भादवा गेला. रोज सकाळी नाव पार करून भैरू माझ्याजवळ येऊन बसायचा. सिलिंडरात पिस्टन गच्च धरून बसलेले. रॉकेल ओतायचं, मुरू द्यायचं, लाकडाचा ठोकळा लावून हलकं हलकं ठोकायचं, परत ओतायचं. रॉडची बेरिंगं झिजून गेली होती, ती लोहाराच्या भात्यावर कथलाचा रस करून नवी ओतली. मग दांड्याला तेलातलं काजळ लावून बेरिंग फिरवायचं, जिथं काळा डाग उठेल तिथं खरवडायचं, परत फिरवायचं. दिवसच्या दिवस तेच. भैरूचा हात माझ्यापेक्षा हलका होता, हे मी त्याला कधी म्हणालो नाही. दुपारी त्याची बायको काशी भाकरी घेऊन यायची. वरूनच हाळी द्यायची, "आवं भावजी, ह्या लोखंडाच्या म्हशीला पान्हा फुटणार हाय का औंदा?" मी आतनं म्हणायचो, "फुटंल की वैनी, आधी वैरण तर येऊ द्या." ती हसायची आणि भाकरीवर खर्डा जास्तीचा घालून द्यायची. नावेत मात्र पाय ठेवायची नाही. माहेर माणदेशातलं, दुष्काळी मुलखातलं; एवढं पाणी तिनं लग्न होऊन आल्यावरच पाहिलेलं. नावाड्याची बायको आणि पाण्याला भिते म्हणून गाव तिची चेष्टा करायचं. मीही करायचो.

नवरात्रात, अष्टमीच्या दुपारी इंजिन लागलं.

भैरूनं हँडल मारलं, मी कळ सोडली, आत ढुम्म झालं, धुराचा लोट आला — आणि लागलं! घाटावर अख्खं गाव. टोप्या उडाल्या. दादा पाटलांच्या डोळ्यांत पाणी. घटकाभर चालवून मी बंद केलं. वर आलो तर लोकांनी मला खांद्यावर घेतलं. झेंडूचा हार घातला. चावडीवर नेलं, चहा, विडा, आणि मग मी बसऱ्याच्या गोष्टी सांगत बसलो. दिवस मावळला तरी सांगतच होतो.

इथं मला जरा इंजिनाचं बोलू दे. हे बोलायलाच पाहिजे.

नवं ओतलेलं बेरिंग पहिल्यांदा फिरलं की आपल्या जागी बसतं. बसलं की त्याला धरणारे नट ढिले होतात. म्हणून थोडं चालवून इंजिन बंद करायचं, चेंबर उघडायचं, ते नट परत आवळायचे आणि मग प्रत्येक नटाच्या आडव्या भोकातनं पीन घालून तिची टोकं दुमडायची. पीन म्हणजे बायकांच्या केसातल्या आकड्यासारखी तार, दुसरं काही नाही. पण ती आहे म्हणून नट फिरत नाही. ती नसली तर नट आज ना उद्या सुटतो. सरदार पहिल्या खेपेला पिना घालायचा नाही. परत उघडायचंच असतं ना. मीही घातल्या नव्हत्या. चारही पिना माझ्या तंबाखूच्या डबीत होत्या. नट आवळायचे, पिना घालायच्या, एवढंच राहिलं होतं.

आणि मी ते केलं नाही. का? गळ्यात हार होता म्हणून. दुसरं कारण असतं तर तुला सांगितलं असतं. सकाळी बघू म्हणालो.

सकाळी नवमी. खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी माणूस ज्या लोखंडावर पोट भरतो ते सगळं धुऊन देवळात मांडतात — विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तरा. हळदकुंकू, झेंडू, उसाची कांडी. एकदा शस्त्रं बसली की दसऱ्याला देवाची पालखी नदीपार जाऊन, सोनं लुटून परत येईस्तोवर कुणी हात लावायचा नाही. घरातली विळीसुद्धा पुजलेली असते, बायका भाजी हातानं मोडतात. मी उठून घाटावर जातोय तर लाँचेतली हत्यारं गावानं कौतुकानं आधीच उचलून नेलेली. देवळात गेलो. मधोमध माझा मोठा पाना, त्याच्यावर सगळ्यात मोठा हार.

मी काय करायला पाहिजे होतं? दादांना बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, दादा, काम पुरं झालेलं नाही, उद्या लाँच काढू नका. बस्स. एवढंच. लोक काय, हसले असते.

मी तिथंच उभा होतो तोवर भैरू आला. हातात माझी तंबाखूची डबी, काल लाँचेतच राहिलेली. सगळ्यांसमोर उघडून म्हणाला, "दौल्या, पिना ह्यातच हैत की रं. घालायच्या राहिल्या न्हवं?"

देवळातली माणसं वळून बघायला लागली. दादा पाटीलही. आणि मी म्हणालो, "त्या जादाच्या हैत. घातल्या मी."

"कवा?"

"तू गेल्यावर."

त्याचं समाधान झालं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसायचं. म्हणाला, "मग एक डाव दोघं मिळून बघून तरी घिऊ. देवाच्या पाया पडतो आन् पाना घेतो. उद्या पालखी बसायची हाय त्यात." आणि वाकून त्यानं हात घातला. त्याची बोटं पान्याला लागली.

मी ओरडलो. "ये! हात काढ! शस्त्रं बसल्यात, दिसत न्हाई व्हय तुला?"

 भैरूनं चटका बसल्यागत हात मागं घेतला. कान धरले, देवापुढं नाक घासलं आणि खाली मान घालून निघून गेला. डबी माझ्या हातात देऊन गेला.

मला शस्त्रांची भक्ती होती म्हणून मी ओरडलो? हट्! बसऱ्याला असताना दसऱ्यादिवशीसुद्धा मी पाना हातात धरून काम केलेलं. पाना उचलला असता तर चेंबर उघडला असता. चेंबर उघडला असता तर रिकामी भोकं दिसली असती. म्हणून ओरडलो. देवाला पुढं करून मी माझं पितळ झाकलं.

आता दसरा.

वर कोयनेच्या खोऱ्यात पाऊस लागला होता. आमच्याकडं लख्ख ऊन, आभाळात ढग नाही आणि पाणी चढत होतं. तांबडं, गढूळ, आवाज न करता. सकाळी दिसत होत्या त्या पायऱ्या दुपारी दिसत नव्हत्या. दादा पाटील माझ्याजवळ आले. मला त्यांचे शब्द अजून ऐकू येतात. "दौलत, पाणी वाढतंय बाबा. दर सालासारखं काहिली जोडून नेऊ या का पालखी?"

बघ. दार उघडून दिलं होतं त्या माणसानं. मी नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मग ह्या इंजिनाचा उपेग काय, दादा?"

पालखी चढली. हलगीवाले चढले, मानकरी चढले. आरतीची ताटं घेऊन बायका चढल्या. काशी काठावरच थांबली होती. नवं हिरवं लुगडं, हातात ताट, पाय उचलेना. बाकीच्या हसायला लागल्या. मी इंजिनाजवळनं उठून बाहेर आलो, हात पुढं केला आणि म्हणालो, "या वैनी. भ्यायचं काय त्यात? मी हाय न्हवं?"

ती माझा हात धरून नावेत आली.

जाताना काही झालं नाही. सुकाणूवर भैरू, इंजिनाशी मी. धार कापत लाँच सरळ पलीकडं लागली. लोकांनी माझ्या नावानं चांगभलं केलं. मला वाटलं, सुटलो. येतानाचं एवढं निभावलं की संध्याकाळी शस्त्रं उठतील, पिना घालून टाकू, कुणाच्या बापाला कळणार नाही. पलीकडं आपटा पुजला, सोनं लुटलं. काशीनं मला आपट्याचं पान दिलं. "सोनं घ्या भावजी, सोन्यावानी ऱ्हावा." मी ते टोपीत खोचलं.

येताना, नदीच्या मध्याला यायच्या थोडं आधी, मला ते ऐकू आलं. ठक. ठक. ठक. इंजिनाच्या आवाजाखाली दुसरा आवाज. हलग्या कडाडत होत्या, कुणाला पत्ता नव्हता. फक्त भैरूनं सुकाणूवरनं माझ्याकडं वळून बघितलं. त्यानं ऐकलं होतं. त्या वेळी इंजिन बंद केलं असतं तर? नाव धारेला लागली असती, खाली कुठंतरी वळणाला काठाला लागली असती. भैरूच्या हाताशी बांबू होता आणि त्याला ती नदी पाठ होती. मी बंद केलं नाही. बंद केलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, काय झालं? मी गती वाढवली. तो आवाज दबावा म्हणून, काठ लवकर यावा म्हणून — कशासाठी का असेना, मी ती कळ माझ्या हातानं पुढं रेटली.

मग मोठा आवाज झाला. रॉड चेंबर फोडून बाहेर आला आणि नावेचा तळ फोडून गेला. इंजिन थांबलं, आणि पाणी आत आलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. लाँच मागच्या अंगानं बसली, आडवी झाली. गावचे सगळे पोहणारे. काठावरनं काहिली सुटल्या, त्यांनी म्हातारी माणसं उचलली, बायका उचलल्या. भैरू पुन्हा पुन्हा पाण्यात जात होता, एकेकाला बखोटीला धरून काहिलीला आणून लावत होता. काशी वाचली असेल असं त्याला वाटत होतं, कुणीतरी त्याला तसं ओरडून सांगितलं होतं. काठावर येऊन माणसं मोजली तेव्हा एकच कमी होतं.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावाच्या वळणावर ती सापडली. पालखीतला देवाचा चांदीचा मुखवटा मात्र कधीच सापडला नाही. माझ्या कोटाच्या खिशात डबी तशीच होती. मी ती नदीत फेकली. पिनांसकट.

अजून मी खरं ते सांगितलंच नाही. तुला वाटलं असेल, हेच ते. हे नव्हे रं. हातनं चूक होते, माणूस फुशारकीनं वागतो, भितो — हे सगळं कदाचित मी सांगूनही टाकलं असतं कधीतरी. पुढचं ऐक.

काशीचा दहावा झाला आणि देवळात गाव बसलं. इंजिन का फुटलं? मला विचारलं. मी म्हणालो, "मशीन पक्कं हुतं. नट आवळलेले, पिना घातलेल्या. माझ्याकडनं काय राहिलं न्हवतं." मग असं झालं कसं?  तेवढ्यात मागनं एक म्हातारा म्हणाला, "शस्त्रं बसल्यावर भैरूनं पान्याला हात लावला हुता." आणि दादा पाटलांनी माझ्याकडं बघून विचारलं, "व्हय रं, दौलत?"

मी म्हणालो, "व्हय. लावला हुता."

खरंच बोललो मी. लावलाच होता. असलं खरं मी आयुष्यात एकदाच बोललो.

मला वाटलं, भैरू आता उठेल. म्हणेल, मी पिना बघितल्या होत्या, ठकठक ऐकली होती, ह्याला विचारा. मी त्याचीच वाट बघत बसलो होतो. तो बोलला असता तर मी नाही म्हणालो नसतो, असं मी स्वतःला पुढं किती वर्षं सांगितलं. तो उठला. डोक्याचं मुंडण केलेलं, अंगावर घोंगडी. दोन्ही हात जोडून म्हणाला, "व्हय. लावला मी हात. माझ्यामुळं झालं. माझी काशी माझ्यामुळं गेली."

त्याला पटलं होतं, गड्या. दौलतनं पिना घातल्या म्हणजे घातल्याच, दौलत आपल्याशी खोटं बोलेल कसा? मग राहिलं काय? त्याची ती बोटं राहिली. त्यानं मनातल्या मनात सगळं जुळवून घेतलं होतं आणि ते त्याला पक्कं बसलं होतं. आणि मी समोर बसून होतो. एक वाक्य बोलायचं होतं. त्याच्या बायकोला त्यानं मारलेलं नाही, एवढंच. मी मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं मला मित्राचं दुःख झालंय.

गावानं त्याच्याकडनं नाव काढून घेतली. पिढ्यांचा मान गेला. मारहाण नाही, वाळीत टाकणं नाही. नुसतं त्याच्याकडं कुणी बघायचं नाही. त्यानं त्या दिवसापासून उजव्या हातानं जेवणं सोडलं. त्या हातानं पाप केलं म्हणून डाव्या हातानं भाकरी मोडायचा. आपल्यात ते किती वंगाळ दिसतं तुला माहीत आहे. लग्नकार्यात लोक त्याला पंगतीच्या टोकाला, पाठ करून बसवायचे, आणि तो बसायचा. मी बघितलंय. मी त्याच पंगतीत बसून बुंदी खाल्लेली आहे.

उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा लाँच चिखलात उघडी पडली. दादा म्हणाले, मोडून टाका. मी म्हणालो, मी मोडतो. एकटाच गेलो. एका रॉडचे दोन नट अजून जागेवर होते. त्यांची भोकं रिकामी होती, चिखलानं भरलेली. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. मी छिन्नी लावली आणि तोडून काढले.

त्यानंतर मी गाव सोडलं. सांगलीत ऑइल इंजिनांच्या कामाला लागलो. नाव झालं माझं. दौलत मेस्त्रीच्या हातनं गेलेलं इंजिन परत येत नाही म्हणायचे. पिना मी पुन्हा पुन्हा तपासायचो, आणि पोरं माझी नक्कल करायची. मला लोक मान द्यायचे तेव्हा मला मळमळायचं. तरी मी तो घेतला. नाही म्हणालो नाही कधी.

गावाकडं जायचो सणावाराला. भैरू भेटायचा. माझ्यावर त्याचा राग नव्हता, हे समजून घे. मला बघितलं की त्याला बरं वाटायचं. एवढ्या गावात मी एकटाच त्याच्या शेजारी बसतो, म्हणायचा. "तू हायस म्हून हाय मी, दौल्या." मी त्याला तंबाखू मळून द्यायचो. दर खेपेला वाटायचं, आज सांगू. दर खेपेला एस्टीची वेळ व्हायची.

शेवटी त्याचा निरोप आला. मी गेलो तर तो भिंतीकडेला पडला होता, हाडं राहिलेली. दुपारची वेळ. घरात दुसरं कुणी नव्हतं, भाऊबंद शेतावर गेलेले. मी उशाशी बसलो, त्याच्या तोंडात पाणी घातलं.  म्हटलं, आता तरी.

त्यानं डोळे उघडले. म्हणाला, "दौल्या, तिकडं काशी भेटंल रं. मला लय भ्या वाटतंय. तिला काय सांगू मी?"

तू काय म्हणाला असतास? कुणीही काय म्हणाला असता?

मी म्हणालो, "सांग, माझ्याकडनं चुकलं. माफ कर म्हण."

 तो म्हणाला, "व्हय. आसंच सांगतो." आणि त्याला बरं वाटलं.

दिवस मावळायच्या आत तो गेला. तोवर मी तिथंच होतो, शुद्ध त्याला शेवटपर्यंत होती, आणि मी काही बोललो नाही.